शोधण्याची मजुरी

ताशी 60 किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे सरकते. समोरून येणारीही त्याच वेगात असेल, तर दोघींमधला रस्ता दर सेकंदाला 33 मीटरने आटत जातो. ऊसतोडीच्या हंगामात कराड-चिपळूण रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ओलांडायला तुम्ही बाहेर पडलात, पाय दाबलात आणि गाडीने दीड सेकंद वेगच घेतला नाही, तर त्या दीड सेकंदात 50 मीटर मोकळा रस्ता संपलेला असतो. म्हणून ‘पिकअप जरा कमी वाटतोय’ ही तक्रार मला कधीच किरकोळ वाटली नाही. घरातली पाच-सात माणसे घेऊन जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर नाहीच नाही.

ही तक्रार गॅरेजच्या दारात पोहोचली की तिचे पुढे काय होते, याबद्दल दोन माणसांचा वाद इथे मांडतो आहे. दोघे मी रचलेले आहेत. त्यांचे म्हणणे मात्र गॅरेजच्या बाकावर थोडा वेळ बसलेल्या कुणालाही ओळखीचे वाटेल. बाई माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात, सात सीटांची 2016ची डिझेल गाडी स्वतः चालवतात आणि माहेर चिपळूणला असल्यामुळे कुंभार्ली घाट त्यांना चुकत नाही. अण्णांचे हायवेलगत गॅरेज आहे. डिझेल पंपाच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली आणि आता त्यांच्याकडे स्कॅनरही आहे.

बाई: अण्णा, आधीच सांगते. याआधी गाडी दुसऱ्या एका गॅरेजला दिली होती. त्यांनी डिझेल फिल्टर बदलला. मग ईजीआर व्हॉल्व्ह काढून साफ केला. मग हवेचा सेन्सर नवा टाकला. दर वेळी ‘आता बघा’ म्हणाले, दर वेळी मी बिल भरलं, आणि गाडी आहे तशीच आहे. पाय दाबला की आधी काहीच होत नाही, मग सावकाश ओढायला लागते. जो भाग बिघडलाय हे ठाऊकच नव्हतं, तो बदलला का, एवढंच मला विचारायचंय.

अण्णा: त्या मिस्त्रीनं वावगं काय केलं ते तरी सांगा. डिझेल फिल्टर चोंदला की गाडी दम खाते. ईजीआरमध्ये काजळी बसून व्हॉल्व्ह उघडा राहिला तरी दम खाते, कारण इंजिनात ताज्या हवेच्या जागी जळका धूर फिरत राहतो. हवेच्या सेन्सरवर धूळ-तेल बसलं तरी तीच तऱ्हा. अशा गाड्या हाताखालून गेलेला माणूस तिथूनच सुरुवात करणार.

बाई: तिथून बघायला सुरुवात करावी ना. बघायच्या आधी बदलायला कशाला?

अण्णा: बघायला वेळ लागतो, बाई. तुम्ही सकाळी गाडी लावता आणि संध्याकाळी चावी मागता. समजा मी अर्धा दिवस शोधलं आणि शंभर रुपयांचा रबरी पाइप सापडला. बिल किती करू? हजार रुपये मजुरी लिहिली तर गिऱ्हाईक म्हणतं, एक पाइप घालायला हजार? तेच पाच हजारांचा सेन्सर टाकून हजार लावले तर मुकाट्यानं देतं. पार्ट डोळ्यांना दिसतो. शोधलेलं कुणाला दिसत नाही.

बाई: म्हणजे आम्ही शोधायचे पैसे देत नाही, म्हणून तुम्ही पार्टाचे घेता.

अण्णा: सगळे घेत नाहीत. पण जे घेतात, त्यांना ती सवय गिऱ्हाइकानं लावलीय.

अण्णांचे हे बोलणे बाईंना झोंबले असणार, पण ते खरे आहे. डॉक्टरने तपासून ‘औषधाची गरज नाही’ असे सांगितले तरी आपण फी देतो आणि बरे वाटून घरी येतो. मिस्त्रीने तपासून ‘काही बदलायचे नाही’ म्हटले, तर त्याच्या हातावर चहाचे पैसे ठेवायचेही आपल्या मनात येत नाही. तरीही बाईंचा प्रश्न यामुळे सुटत नाही. गिऱ्हाइकाची सवय वाईट असली, तरी पुराव्याशिवाय बदललेला सेन्सर गाडी दुरुस्त करत नाही, आणि दुरुस्त झाल्याच्या भरवशावर घाटात ओलांडायला निघालेला माणूस आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो.

अण्णा: बरं, आता मी विचारतो. हे कधीपासून आहे? गाडी घेतल्यापासून की मध्येच सुरू झालं?

बाई: दिवाळीपर्यंत गाडी चांगली होती.

अण्णा: थंड असताना होतं की गरम झाल्यावर? कुठल्या गियरला? जागेवर उभी करून रेस दिली तर?

बाई: थंड-गरम दोन्ही वेळी. जागेवर रेस दिली तर लगेच घेते, म्हणून तर घरचे म्हणतात की तुझा भास आहे. चढाला, तिसऱ्या-चौथ्या गियरला, चारजण बसलेले असले की जास्त जाणवतं. आणि मागचा गाडीवाला सांगत होता की धूर फार सोडते.

अण्णा: धूर काळा की पांढरा?

बाई: काळा.

अण्णा: हे तुम्ही आधीच्या गॅरेजला सांगितलं होतं?

बाई: कुणी विचारलंच नाही.

कुठलेही हत्यार हातात घेण्याआधीची ही प्रश्नोत्तरे. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत सर्वांत मोलाचे काम हेच आहे आणि नेमके तेच घाईत गळून पडते. ‘दिवाळीपर्यंत चांगली होती’ या तीन शब्दांत अर्धा निकाल आहे. कारण पाय दाबल्यावर गाडी थांबते, त्यातला काही उशीर मुळातच गाडीत घातलेला असतो आणि काही नंतर आलेला असतो. घातलेला उशीर दुरुस्त करायला जाणे म्हणजे पैसे वाया घालवणे. बाई आणि अण्णा इथून पुढे खरे अडले ते याच मुद्द्यावर.

बाई: मुळातच घातलेला उशीर म्हणजे काय? मी पाय दाबते तेव्हा इंजिनानं ऐकायला नको?

अण्णा: तुमचा पाय आता इंजिनाला लागतच नाही. जुन्या गाडीत पेडलपासून केबल जायची. केबल सैल झाली की ताणायची, गंजली की बदलायची, विषय संपला. आता पेडलच्या वर सेन्सर आहे. तुम्ही किती दाबलं याचा व्होल्टेज तो ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो. एकाच पेडलला दोन सेन्सर असतात, बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा. दोघांचं जुळलं नाही की ईसीएम घाबरून गाडी लिंप मोडला टाकतो, चेक लाइट लागतो, गाडी रांगत घरी येते. तुमच्या गाडीला लाइट लागलेला नाही. म्हणजे निरोप बहुधा नीट पोचतोय.

बाई: निरोप पोचतोय आणि तरी काम होत नाही, हे जास्त वाईट.

अण्णा: त्याचं कारण ऐका. जुन्या पंपाच्या जीपला पाय दाबला की डिझेल ताबडतोब आत जायचं. हवा मागून यायची. म्हणून आधी काळ्या धुराचा लोट आणि मग पळणं. आता ईसीएम हवा मोजतो आणि हवा येईल तेवढंच डिझेल सोडतो. 2017च्या एप्रिलपासून देशभर बीएस-4 आलं, 2020च्या एप्रिलपासून बीएस-6. धुराचे नियम पाळायचे तर पायाखालचं सगळं डिझेल एका दमात देऊन चालत नाही. शिवाय एकदम ताकद दिली तर गाडी हिसका मारते, म्हणून तीही थोडी मऊ करून देतात.

बाई: आणि हवा उशिरा का येते?

अण्णा: टर्बोमुळं. टर्बोची चक्की धुराच्या जोरावर फिरते. पूर्ण जोरात असली की मिनिटाला लाखाच्या वर फेरे. पण इंजिन मंद चालत असेल तर धूरच कमी, चक्की सुस्त, हवा कमी. ते 1248 सीसीचं डिझेल इंजिन घ्या. फियाटनं काढलं, मानेसरला आणि आपल्या रांजणगावला बनायचं, मारुती, टाटा, फियाट सगळ्यांच्या गाड्यांत बसायचं. त्याची 75 हॉर्सपॉवरची जात 190 न्यूटन-मीटरची ओढ देते ती 2000 आरपीएमला. तुम्ही चौथ्या गियरला 1400वर गाडी घेऊन चढाला पाय दाबला, तर ती थांबणारच. तो रोग नाही. गियर खाली टाका, 2000च्या वर न्या, मग बाहेर पडा. निम्म्या लोकांच्या गाडीत काही नसतंच, गियर चुकीचा असतो.

बाई: हे मला पटत नाही अण्णा. माझा गियर बदललेला नाही, माझा पाय बदललेला नाही, रस्ता तोच आहे. दिवाळीच्या आधी त्याच चढाला तिसऱ्या गियरला गाडी निघायची. तुम्ही मला चालवायला शिकवताय आणि गाडी तपासायचं लांबणीवर टाकताय. बाई गाडी चालवते म्हटलं की पहिला संशय बाईवर, हे मी आधीच्या गॅरेजलाही ऐकून आलेय.

अण्णा: संशय तुमच्यावर नव्हता. पण बोललो तसंच, हे खरं. तुमचं बरोबर आहे. तोच चढ, तोच गियर आणि फरक पडला, म्हणजे रोग आहे.

इथे बाई अण्णांच्या पुढे गेल्या. गाडीचा स्वभाव आणि गाडीचा बिघाड वेगळे करायची त्यांची रीत कुठल्याही यंत्राविना चालते: बाकी सगळे तेच ठेवायचे आणि काय बदलले ते बघायचे. विज्ञानाच्या तासाला मुलांना हेच शिकवले जाते. गियरबद्दलचा अण्णांचा सल्ला मात्र वाया जाऊ देऊ नये. गाडी अगदी निरोगी असली तरी लहान टर्बो डिझेलमध्ये 1500च्या खाली ओलांडायला निघणे धोक्याचेच आहे.

आता फुकटात होणाऱ्या तपासण्या. अण्णांनी त्या भराभर केल्या आणि त्या सगळ्यांच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली पायातल्या मॅटची. जाड मॅट, तिच्यावर पावसाळ्यासाठी टाकलेली आणखी एक रबरी मॅट, आणि पेडल खालपर्यंत जातच नाही. इंजिन बंद ठेवून हाताने पेडल तळापर्यंत दाबून बघायचे. मॅटचा उलटा धोका याहून भयंकर आहे, दाबलेले पेडल तिच्यात अडकून बसते. 2009मध्ये अमेरिकेत टोयोटाने याच कारणासाठी लाखो गाड्या परत बोलावल्या. इलेक्ट्रॉनिक्समुळे गाड्या आपोआप पळतात का, हे शोधायला तिथल्या सरकारने नासाच्या अभियंत्यांना बसवले. 2011च्या फेब्रुवारीत आलेल्या अहवालात तसा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. कारणे उरली ती मॅटमध्ये अडकणारे पेडल आणि चिकटणारे पेडल, ही दोन.

त्या प्रकरणानंतर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबले तर इंजिनाची ताकद कापायची सोय बहुतेक नव्या गाड्यांत आली. त्यामुळे ब्रेक लाइटचा छोटासा स्विचही पिकअपच्या तक्रारीत तपासावा लागतो. तो बिघडला तर ब्रेकवर पाय आहे असे ईसीएमला वाटू शकते आणि गाडी अडखळते. पाय न लावता मागचे लाल दिवे पेटलेले दिसले तर शोध तिथेच संपला.

मग क्लच. सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरला ताशी 40 ठेवून पूर्ण पाय दाबायचा. काटा सर्रकन वर गेला आणि वेग तसाच राहिला, तर इंजिन ठीक आहे, क्लच प्लेट घसरते आहे. या एका चाचणीअभावी कितीतरी इंजिने विनाकारण उघडली गेली असतील. मग ब्रेक. फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नुसता धरायचा, डिस्कला लावायचा नाही. एखादे चाक जास्त तापलेले लागले तर कॅलिपर अडकला आहे आणि गाडी ब्रेक लावूनच चालते आहे.

बाईंच्या गाडीत यातले काहीच निघाले नाही. तेव्हा त्यांनी पर्समधून ओबीडीचे डोंगल काढले. 2013पासूनच्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना ओबीडी-2, म्हणजे बिघाडाची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये डोंगल बसते आणि आकडे मोबाइलवर दिसतात.

बाई: हे बघा. मी बहिणीला शेजारी बसवून रेकॉर्ड करायला लावलं. पाय दाबल्याबरोबर पेडलचा आकडा वर जातो, म्हणजे तुम्ही म्हणालात तसा निरोप पोचतो. पण हवेचा दाब बघा. तिसऱ्या गियरला, 2500 आरपीएमला, पूर्ण पाय दाबलेला, आणि तो 130च्या पुढं सरकतच नाही. किती असायला हवा?

अण्णा: अशा इंजिनाला पूर्ण लोडवर 200 किलोपास्कलच्या वर जायला पाहिजे. पण मी लगेच नाही मानणार.

बाई: आकडा समोर असून?

अण्णा: आकडा दाबाच्या सेन्सरचा आहे, हवेचा नाही. सेन्सरच बिघडला असेल तर? तुम्ही आधीच्या माणसाला विचारलं ना, पुरावा काय? तेच मी डोंगलला विचारतो. स्कॅनर आला तेव्हा आम्हाला वाटलं आता डोकं लावायचं काम संपलं. मग काय झालं? पी0299 कोड आला, टर्बोचा दाब कमी. पोरांनी टर्बो बदलला. हजारो रुपयांचा टर्बो. आणि फाटला होता टर्बोच्या पुढचा पाइप. कोड सांगतो की दाब कमी आहे. का कमी आहे ते त्याला माहीत नसतं. आणि कोड आला नाही म्हणून गाडी चांगली, असंही नसतं.

बाई: मग सेन्सर खरा की खोटा, हे कसं ठरवायचं?

अण्णा: चावी फिरवा, इंजिन लावू नका. आता आत आणि बाहेर एकच हवा. समुद्राजवळ 101च्या आसपास दाखवायला पाहिजे, आपल्या कराडच्या उंचीला 95च्या आसपास.

बाई: 95.

अण्णा: मग सेन्सर खरं बोलतोय. आता मी मानलं.

मला या जागी थांबावेसे वाटते. वाद सुरू झाला तेव्हा बाई पुराव्याच्या बाजूने होत्या आणि अण्णा अनुभवाच्या. इथे अण्णांनी बाईंच्या पुराव्यालाच पुरावा मागितला, आणि तोही फुकट, चावी फिरवून. असा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नये.

अण्णांनी मग आपला मोठा स्कॅनर लावून कॉमन रेलचा, म्हणजे इंजेक्टरांना पोचणाऱ्या डिझेलचा दाब बघितला. ईसीएमने मागितलेला दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला दाब, हे दोन आकडे फेरी मारताना शेजारी शेजारी चालले. फिल्टर चोंदला असता किंवा पंप थकला असता, तर पाय दाबल्यावर मिळालेला दाब मागे पडला असता. तो पडला नाही. डिझेलची बाजू सुटली. उरली हवेची.

अण्णा: आता तुमचा काळा धूर आठवा. हवेचा सेन्सर पुढं, फिल्टरपाशी आहे. त्यानं हवा मोजली, ईसीएमनं तेवढ्या हवेचं डिझेल दिलं. पण मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचायच्या आधी वाटेत गळाली तर? डिझेल जास्त, हवा कमी. काळा धूर आणि दम खाणारी गाडी, दोन्ही एकदम. म्हणून मी धुराचा रंग विचारला.

बाई: आणि जागेवर रेस घेते, कारण तिथं दाबच तयार होत नाही.

अण्णा: बरोबर. लोड नाही तर टर्बोचा दाब नाही, दाब नाही तर चीर उघडत नाही. तुमचा भास नव्हता.

हवेचा मार्ग टर्बोपासून इंटरकुलरला जातो आणि तिथून रबरी होज पाइपांमधून इंजिनात. या पाइपांच्या आत तेलाचा पातळ थर असतो, इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी ती वाफ असते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण तेल बाहेरच्या बाजूला आले आणि त्यावर रस्त्याची धूळ चिकटून काळा ओला पट्टा तयार झाला, तर तिथून हवा बाहेर पडते आहे. अण्णांनी टॉर्च लावून वरचे पाइप बघितले, ते कोरडे होते. मग गाडी वर घेतली. इंटरकुलरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या होजच्या पोटाला, वरून कधीच न दिसणाऱ्या जागी, तो पट्टा होता. खात्रीसाठी टर्बोचे तोंड बंद करून त्यांनी कंप्रेसरची हवा रेग्युलेटरने अगदी कमी करून आत सोडली आणि पाइपावर साबणाचे पाणी मारले. बोटभर लांब चिरेतून फेस आला. हाताने दाबल्याशिवाय ती चीर डोळ्यांना दिसतही नव्हती.

बाई: म्हणजे फिल्टर, ईजीआरची सफाई, सेन्सर, यातलं काहीच नको होतं.

अण्णा: फिल्टर आज ना उद्या बदलायचाच होता. ईजीआरमध्ये काजळी असणार, तुमची गाडी रोज शाळेपर्यंत जाऊन थंड होते. सेन्सर मात्र गेला नव्हता. जुना सेन्सर परत घेतलात का?

बाई: नाही.

अण्णा: तो मागायचा. बदललेला प्रत्येक पार्ट गिऱ्हाइकानं हातात घ्यावा. मिस्त्रीलाही त्याची भीती राहते.

बाई: आणखी एक. माझा मुलगा म्हणतो, पेडलला लावायचं एक यंत्र मिळतं, ते लावलं की गाडी लगेच उचलते. तुम्ही लावून देता?

अण्णा: मागितलं तर देतो. लोक खूश होऊन जातात.

बाई: ते करतं काय?

अण्णा: पेडलचा व्होल्टेज वाढवून सांगतं. तुम्ही 30 टक्के दाबलं की ईसीएमला 60 टक्के कळतं.

बाई: मग ताकद वाढली कुठं? पूर्ण दाबलं तर आधी मिळायचं तेवढंच मिळणार. आणि पाइप फाटलेला असताना लावलं असतं तर?

अण्णा: तर तुम्हाला गाडी बरी झाल्यासारखी वाटली असती. घाटात पूर्ण पाय दाबेपर्यंत.

बाई: आणि तरी तुम्ही लावून देता.

अण्णा: यापुढं आधी तपासल्याशिवाय नाही लावणार. तेवढं तुमचं घेतलं.

या यंत्राबद्दल माझे मत अण्णांपेक्षा कडक आहे. बिघाड झाकणारी वस्तू कुटुंबाच्या गाडीत असूच नये. ईसीएमचे रीमॅप करून ईजीआर बंद करून देणाऱ्यांबद्दलही तेच. त्यात धुराचे नियम मोडतात आणि वॉरंटीही जाते.

ज्यांची गाडी डिझेलची नाही त्यांच्यासाठी थोडे. पेट्रोल गाडीत थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन आधी बघावा, आणि सफाईनंतर थ्रॉटलची नवी जागा ईसीएमला शिकवून घ्यावी. सीएनजीवर ताकद मुळातच कमी मिळते, 1.5 लिटरच्या अर्टिगात पेट्रोलवर 103 हॉर्सपॉवर, सीएनजीवर 88च्या आसपास. तेवढा फरक सोडून जास्त जाणवत असेल तर स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर. क्लच-गियर स्वतः बदलणारी एएमटी गाडी गियर बदलताना क्षणभर ओढ सोडते, तो तिचा स्वभाव आहे. ओलांडायच्या आधी मॅन्युअलला टाकून गियर आपण ठरवावा. बीएस-6 डिझेलवाल्यांनी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर विसरू नये. रोज चार किलोमीटर चालवून उभी केलेली गाडी आतली काजळी जाळू शकत नाही, तिला अधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते.

होज बदलून, दोन्ही टोकांचे क्लॅम्प नवे घालून झाल्यावर पैशांचा प्रश्न आला. इतका वेळ गाडीखाली असलेला वाद आता टेबलावर होता.

अण्णा: होजचे पैसे पावतीप्रमाणे. घालायची मजुरी किरकोळ. आणि तपासणीचे वेगळे. लिहू का?

बाई: लिहा. ‘तपासणी’ असं स्पष्ट लिहा. पण मला एक सांगा. आज सापडलं. उद्या तुम्ही अर्धा दिवस शोधलं आणि सापडलंच नाही, तर?

अण्णा: तर मी काय खायचं?

बाई: आणि गिऱ्हाइकानं न सापडल्याचे पैसे द्यायचे?

अण्णा: काय काय बघितलं आणि कशात काही निघालं नाही, ते मी लिहून देईन. चावी फिरवून 95 दाखवतंय, रेलचा दाब बरोबर आहे, क्लच घसरत नाही. पुढच्या मिस्त्रीला तेवढं पुन्हा बघायला नको. त्याचे पैसे नकोत का?

बाई: लिहून देणार असाल तर हवेत. तोंडी सांगणार असाल तर नकोत. आणि किती वेळ शोधणार, किती घेणार, हे बॉनेट उघडायच्या आधी ठरलं पाहिजे. माझ्यासारखीला परवडायला हवं.

अण्णा: दोन तासांचे ठरवू. पुढं जायचं तर फोन करून विचारीन. पण तुम्हीही एक पाळा. पार्ट टाकला नाही म्हणून मजुरीत घासाघीस करायची नाही.

बाई: कबूल. आणि गाडी बरी झाली हे कसं ठरवायचं? तुम्ही ‘आता बघा’ म्हणून चालणार नाही.

अण्णा: रविवारी चिपळूणला जाणार ना? घाटाचा तोच चढ, तिसरा गियर, 2500, पूर्ण पाय, गाडीत तेवढीच माणसं. मागंपुढं मोकळं असेल तेव्हाच. बहिणीला रेकॉर्ड करायला सांगा आणि आकडे मला पाठवा. दाब 200च्या वर गेला नाही तर सोमवारी गाडी परत आणा. पुढच्या शोधाचे पैसे लावणार नाही.